कागदाचे मिग-२१ : प्रमाणबद्ध प्रतिकृतीचा एक पाठ

इयत्ता सहावी व सातवीच्या गणितात गुणोत्तर आणि प्रमाण हा भाग येतो, आणि पुष्कळ शाळांतून तो फळ्यावर सुरू होऊन फळ्यावरच संपतो. पाच मजुरांना भिंत बांधण्यास बारा दिवस लागतात, तर दहा मजुरांना किती, ही उदाहरणे मुले सोडवितात. उत्तरही बरोबर येते. परंतु त्याच मुलास शाळेच्या ओट्याचे चित्र १ मीटरला २ सेंटीमीटर या प्रमाणात काढावयास सांगितले, की तो खांब हाताला येईल तेवढा काढतो आणि दार त्याहून उंच काढतो. उदाहरण सुटले, पण प्रमाण हाती लागले नाही. ही उणीव आणखी दहा उदाहरणे घालून भरून निघत नाही. ज्या कामात माप चुकले की वस्तूच जुळत नाही, असे काम मुलाच्या हाती द्यावे लागते. कागदाची प्रमाणबद्ध प्रतिकृती हे असे काम होय.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ साली वर्धा येथे जी शिक्षणयोजना पुढे आली, तिचा गाभा हाच होता की, हस्तोद्योग हा अभ्यासाला जोडलेला विषय नसून अभ्यास ज्यातून उगवतो ते मूळ आहे. पुढे शाळांतून टकळी गेली आणि कागदकाम मात्र राहिले. तेही पताका, फुले आणि आकाशकंदील एवढ्यापुरते. कागद ही वस्तुतः फार शिस्तीची वस्तू आहे. युरोपात पोलंड देशात १९५७ सालापासून केवळ कागदी प्रतिकृतींना वाहिलेले एक नियतकालिक निघाले आणि त्यावर मुलांच्या पिढ्या वाढल्या. त्या परंपरेतील विमाने १:३३ या प्रमाणात असतात व त्यांत चालकाच्या आसनापर्यंतचे बारकावे कागदाचेच असतात. आपल्या शाळेत इतके सूक्ष्म काम साधणार नाही, साधावे अशी अपेक्षाही नाही. परंतु त्यामागील पद्धत जशीच्या तशी घेता येते.

प्रतिकृतीसाठी वस्तू कोणती निवडावी, हा पहिला प्रश्न. येथे मिग-२१ हे लढाऊ विमान सुचविले आहे व त्यास दोन कारणे आहेत. धुळे शहरावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धरून मालेगाव, चांदवड, पिंपळगाव ओलांडले की नाशिकच्या अलीकडे ओझर लागते. तेथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला. रशियन परवान्याने आपल्या देशात या जातीची साडेसहाशेंहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांची इंजिने ओडिशातील कोरापूट येथे होत आणि अंगबांधणी ओझर येथे. खानदेशातील मुलास हे विमान परके नाही, एस.टी.ने दोन-अडीच तासांच्या वाटेवर ते घडत होते. पुढे २००४ पासून तेथे सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार होऊ लागली. दुसरे कारण भूमितीचे. मिग-२१ चे धड म्हणजे जवळजवळ नळकांडे, त्याच्या तोंडातील सुळका म्हणजे शंकू, आणि पंख म्हणजे टोक किंचित छाटलेला त्रिकोण. आपल्या पाठ्यपुस्तकातील आकृत्याच आकाशात उडत होत्या, असे म्हटले तरी चालेल. इतके सरळ आकार दुसऱ्या लढाऊ विमानात क्वचितच आढळतात.

लढाऊ विमान शाळेत आणावे काय, अशी शंका काही शिक्षकांना येईल, आणि ती रास्त आहे. ते शस्त्र आहे, खेळणे नव्हे. आणि मुलांना हे सांगूनच कामास आरंभ करावा. मिग-२१ हे १९६३ साली आपल्या हवाई दलात आले. आवाजाहून अधिक वेगाने जाणारे ते दलातील पहिले लढाऊ विमान. १९७१ च्या युद्धात त्याने मोठी कामगिरी केली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्यास समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांच्या या सेवेची दुसरीही बाजू आहे. मिग जातीच्या ४८२ विमानांना एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले, अशी माहिती २०१२ साली संसदेत देण्यात आली होती. त्या वैमानिकांपैकी कित्येक जण शाळा सोडून फार वर्षे झालेले नव्हते. ही गोष्ट वगळून केवळ शौर्याचे वर्णन केले, तर मुलांच्या हातातील कागदाचे विमान ‘धडाम्‌’ करीत वर्गभर फिरू लागते. सांगितली, तर ते मेजावर ठेवून मोजले जाते. हा फरक पुष्कळ शिक्षकांच्या अनुभवाचा असेल.

आता मापे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, ७.१५ मीटर. नाकापुढे आलेल्या दांडीसह लांबी सुमारे १५.७६ मीटर. जमिनीपासून शेपटीच्या टोकापर्यंत उंची सुमारे ४.१ मीटर. धडाचा व्यास, जेथे ते सर्वांत जाड आहे तेथे, सुमारे सव्वा मीटर. प्रथम ही मापे शाळेच्या अंगणात चुन्याने आखून घ्यावीत. साधारण वर्गखोलीच्या भिंतीत हे विमान लांबीच्या बाजूने मावणार नाही, पण रुंदीने कदाचित मावेल, हे मुलांना पावलांनी चालून कळू द्यावे. लांबीच्या निम्म्याहूनही विस्तार कमी, हे मिगचे वैशिष्ट्य अंगणात डोळ्यांना दिसते. कोष्टकात ते दिसत नाही.

प्रमाण १:५० घ्यावे. म्हणजे १ मीटरला २ सेंटीमीटर. विस्तार १४३ मिलिमीटर, लांबी ३१५, उंची ८२, धडाचा व्यास २५. विमान दोन तळहातांवर मावते, आणि हिशेब तोंडी होतात. हौशी लोक १:७२ घेतात, तो आकडा मुलांस अडचणीचा ठरतो.

परंतु वर दिलेल्या चार-पाच मापांवर संपूर्ण विमान होत नाही. शेपटीची रुंदी, चाकांची जागा, काचेच्या झाकणाची लांबी, ही शेकडो मापे कोणी सांगावयाची? ती चित्रावरून काढावयाची असतात, आणि पाठाचे मर्म येथेच आहे. चित्र मात्र वरून, बाजूने व समोरून अशा तीन दृश्यांचे हवे. वृत्तपत्रातील छायाचित्र चालत नाही. त्यात जवळचा पंख मोठा व दूरचा लहान दिसतो आणि मापे खोटी निघतात. हे का, याची चर्चा मुलांशी अवश्य करावी. समजा, मिळालेल्या चित्रात पंखांचा विस्तार ५० मिलिमीटर भरला. प्रतिकृतीत तो १४३ हवा आहे. तर चित्रातील १ मिलिमीटरला प्रतिकृतीत २.८६ मिलिमीटर. शेपटीचा एखादा भाग चित्रात १७ भरला, तर प्रतिकृतीत ४८.६२, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस. हे आपले जुने त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ते आहे; आणि त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे सापडला आहे. जळगाव जिल्ह्यातील शिक्षकास त्रैराशिक शिकविताना इतके जवळचे स्थान दुसरे मिळणार नाही.

ज्या मुलांस गुणाकार जड जातो, त्यांनी चित्रावर चौकटी आखाव्यात आणि मोठ्या कागदावर २.८६ पट चौकटी आखून एकेक चौकटीतील रेषा उतरवावी. घरी ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे, त्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. ठिपक्यांतले अंतर वाढविले की रांगोळी मोठी होते पण तिचा आकार पालटत नाही, हे त्यांच्या बोटांना आधीच माहीत असते.

साहित्याविषयी थोडे. पुठ्ठा विकत आणण्याची गरज नाही. लग्नसराई संपली की गावात पत्रिकांचा ढीग असतो. त्यांचा एका बाजूस कोरा असलेला जाड कागद या कामास उत्तम. आतल्या आधारासाठी वह्यांची जुनी वेष्टने. मुडपण्याच्या रेघा दाबण्यास शाई संपलेले बॉलपेन. काचेच्या झाकणास औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील पारदर्शक आवरण. पुढच्या दांडीस खराट्याची बारीक काडी. चिकटविण्यास मैद्याची खळ पुरते. ती पातळ शिजवावी आणि दोन दिवसांनी टाकून नवी करावी. पुस्तकबांधणी करणारे तीत मोरचूद घालतात, ते शाळेत करू नये. मोरचूद विषारी आहे. बाभळीचा डिंक खळीपेक्षा बरा, कारण त्यात पाणी कमी असते व कागद फुगत नाही. पाते फक्त शिक्षकाच्या हाती असावे, मुलांनी कात्री वापरावी.

कागद वळविण्यापूर्वी त्याच्या तंतूंची दिशा ओळखली पाहिजे. येथे बहुतेकांचे काम फसते, आणि कागदाचा दोष म्हणून सोडून दिले जाते. कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात. त्या दिशेला समांतर गुंडाळी केली तर कागद गोल वळतो. आडवी केली तर जागजागी मोडतो व नळी पैलूदार होते. दिशा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागदाचा लहान चौकोनी तुकडा कापून त्याच्या एकाच बाजूस ओले बोट फिरवावे. तुकडा आपोआप वळू लागतो. त्या वळीची लांबी ज्या दिशेने, ती तंतूंची दिशा. चौकोन कापण्यापूर्वी मूळ कागदावर बाणाची खूण करण्यास विसरू नये. हा प्रयोग विज्ञानाच्या तासिकेत घेतल्यासही हरकत नाही.

धडासाठी २५ मिलिमीटर व्यासाची नळी हवी. परीघ २५ × २२/७, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटरांहून किंचित अधिक. त्यास चिकटविण्यासाठी ५ मिलिमीटरची जोडपट्टी धरून कागद ८४ मिलिमीटर रुंद कापावा. लांबी चित्रावरून काढावी. नाकापुढील दांडी त्यात धरू नये. कागद मेजाच्या कडेवरून दोन-चार वेळा ओढून घेतला की त्यास गोलाई येते. नळी चिकटविण्याआधी आत बसविण्यासाठी पुठ्ठ्याच्या चार चकत्या कापाव्यात, म्हणजे नळी चेपत नाही. चकतीचा व्यास किती? मुले २५ म्हणतील. चकती नळीत शिरत नाही, असे आढळले की वर्ग थबकतो. नळीचा बाहेरचा व्यास २५ असला तरी कागदाची जाडी दोन्ही बाजूंनी वजा जाते. पाव मिलिमीटरचा कागद असेल तर चकती साडेचोवीस हवी. शिक्षकाने हे आधी सांगू नये. पत्रिकेच्या कागदाची दहा चकत्यांची नासधूस ही या पाठाची किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे. ज्या मुलाने आजवर उत्तर चुकल्यावर मास्तरांकडे पाहिले, तो येथे चकतीकडे पाहतो.

मिगचे धड पुढे निमुळते होत जाते. तो भाग निराळा करून जोडावा लागतो; शंकूचे टोक छाटले की जो आकार उरतो तो. तोंडाच्या आत जो सुळका दिसतो, तो मात्र पूर्ण शंकू. शंकू कागदाचा करावयाचा तर वर्तुळाची पाकळी कापावी लागते, आणि पाकळीचा कोन काढण्याची रीत मुलांस शोधू द्यावी. समजा शंकूच्या पायाची त्रिज्या ६ मिलिमीटर व तिरकी उंची २४ मिलिमीटर. तर २४ त्रिज्येच्या वर्तुळातील पाकळीची कड पायाच्या परिघाएवढी हवी. ६ भागिले २४ म्हणजे एक चतुर्थांश. म्हणून पाकळी ९० अंशांची. जोडपट्टी वेगळी ठेवावी. किराणा दुकानातील पुडी बांधताना पाहिलेल्या मुलास हे झटकन उमगते. हा सुळका केवळ शोभेचा नाही. आवाजापेक्षा अधिक वेगाने शिरणारी हवा इंजिनास पेलत नाही. सुळक्यामुळे तिचा वेग इंजिनापर्यंत पोचण्याआधी उतरतो. त्याच्या आत रडार बसविलेले असते.

पंख काढताना प्रथम मध्यरेषा ओढावी आणि पंख धडातून आरपार मध्यरेषेपर्यंत पोचतो असे मानावे. मध्यरेषेवर पंखाची रुंदी सुमारे ११९ मिलिमीटर, टोकाशी सुमारे ९, आणि मध्यरेषेपासून टोक साडेएकाहत्तर मिलिमीटर दूर. मागची कड मध्यरेषेशी काटकोनात जवळजवळ सरळ आहे. पुढची कड मागे झुकलेली. ती किती झुकली, हे कोनमापकाने मोजावे. मध्यरेषेला काटकोनात असलेल्या रेषेशी ५७ अंश आले, तर आखणी बरोबर. खऱ्या मिगचा कोन तोच आहे. लांब्या दिल्या होत्या, कोन आपोआप आला, याचे मुलांस नवल वाटते, आणि ते वाटू द्यावे. पंख दुहेरी कागदाचा करावा. पुढच्या कडेवर घडी, आत पुठ्ठ्याची एक पट्टी, मागची कड चिकटवलेली. प्रत्यक्ष पंख मध्यरेषेपर्यंत नेता येत नाही, म्हणून धडाच्या अर्ध्या जाडीइतका भाग, साडेबारा मिलिमीटर, वजा करून जोडपट्टी ठेवावी.

एक बारकावा येथेच सांगणे इष्ट. मिगचे पंख सरळ आडवे नाहीत. मुळापासून टोकाकडे ते सुमारे २ अंश खाली उतरतात. आपल्या प्रतिकृतीत टोक सुमारे दोन मिलिमीटर खाली हवे. ओल्या डिंकावर पंख टेकविताना टोकाखाली मोजलेल्या जाडीची काडीपेटी किंवा वह्या रचून ठेवल्या, तर कोन वाळेपर्यंत टिकतो. दोन मिलिमीटर कोणाला दिसणार, असे म्हणणारा विद्यार्थी वर्गात एक तरी असतोच. त्याच्या हाती पंख वर उचललेली व खाली उतरलेली अशी दोन विमाने देऊन समोरून पाहावयास सांगावे. पहिले चिमणीसारखे दिसते, दुसरे झडप घालणाऱ्या ससाण्यासारखे.

शेपटीचे उभे व आडवे भाग, पोटाखालचे पाते, चाके व पाठीवरचा उंचवटा यांची कामे वरील रीतीनेच होतात. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. चाकांसाठी पुठ्ठ्याच्या तीन-तीन चकत्या एकावर एक चिकटवून कडा घासाव्यात. कापलेल्या सर्व कडांना, जोडण्याआधी, रंगीत पेन्सिलीने रंग द्यावा. पांढरी कड राहिली की उत्तम कामही कागदाचे दिसते. सुरुवातीची मिग विमाने उघड्या धातूच्या रंगाची होती, तेव्हा फिका करडा रंग पुरे. हवाई दलाचे वर्तुळचिन्ह काढताना मुले हटकून चुकतात. झेंड्याच्या क्रमाने वरून खाली मोजण्याची सवय असते, आणि येथे क्रम आतून बाहेर लागतो : मध्ये हिरवा, मग पांढरा, सर्वांत बाहेर केशरी.

आपल्या भागात हे काम हवेवर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डिंक लावता लावता सुकतो व पुठ्ठा वाकडा होतो. म्हणून सकाळची शाळा असते तेव्हाच चिकटवणी करावी. पावसाळ्यात उलट, नळी सुटत राहते. जोड दोऱ्याने सैल बांधून रात्रभर ठेवावा. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत सोयीचे. एकूण आठ तासिका पुरतात. त्यांतील पहिल्या तीन मोजणीच्या व आखणीच्या असाव्यात आणि तोवर कात्री बाहेर काढू देऊ नये.

विमान उभे राहिले की एक प्रश्न विचारावा : आपले विमान खऱ्याच्या पन्नासावा भाग, तर त्याच्या पंखाचे क्षेत्रफळही पन्नासावा भाग काय? बहुतेक मुले हो म्हणतात. खऱ्या मिगच्या पंखाचे क्षेत्रफळ, धडाखालील भाग धरून, सुमारे २३ चौरस मीटर आहे. त्याचा पन्नासावा भाग जवळजवळ अर्धा चौरस मीटर होईल, म्हणजे वर्गातील लहान बाकाएवढा कागद. आपल्या पंखाचा आराखडा आलेखकागदावर ठेवून चौकोन मोजले की ९२ चौरस सेंटीमीटर भरतात. २३ चौरस मीटरांचा हा अडीच हजारावा भाग. ५० गुणिले ५०. आणि घनफळ सव्वालाखावा भाग. उड्डाणास सज्ज मिगचे वजन सुमारे पावणेनऊ टन. त्याच धातूंचे, आतल्या इंजिनासह हुबेहूब लघुरूप करता आले असते, तर त्याचे वजन अवघे ७० ग्रॅम भरले असते. वाण्याकडील तराजूत ७० ग्रॅम धान्य मोजून मुलांच्या तळहातावर ठेवावे. क्षेत्रफळ व घनफळ यांच्या प्रमाणाची जी गोष्ट माध्यमिक शाळेतही अनेकांच्या डोक्यात शिरत नाही, ती येथे मुठीत येते.

तालुका प्रदर्शनांविषयीही लिहिणे भाग आहे. आदल्या रात्री बाजारातून आणलेली किंवा पालकांनी करून दिलेली थर्मोकोलची चकचकीत प्रतिकृती मेजावर असते आणि मुलास तिचे प्रमाण विचारले तर तो शिक्षकांकडे पाहतो. असे पारितोषिक शाळेस मिळू शकते, मुलास काही मिळत नाही. प्रतिकृतीशेजारी तिची मापवही ठेवण्याचा नियम परीक्षकांनी करावा : खरे माप, चित्रावरील माप, प्रतिकृतीचे अपेक्षित माप, आणि पूर्ण झाल्यावर पट्टीने घेतलेले प्रत्यक्ष माप. चौथ्या रकान्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक प्रामाणिकपणे लिहिलेला असेल, तर वाकड्या शेपटीच्या विमानासही वरचा क्रमांक देण्यास हरकत नसावी. रकाना कोरा असेल, तर कितीही सुबक विमान असो, त्यास बक्षीस देऊ नये.

शाळकरी मुलांच्या अशा मोजून केलेल्या कामावर एका राष्ट्राने भिस्त ठेवल्याचे उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांकडून १:७२ प्रमाणातील पाच लक्ष लाकडी विमाने मागविली. सैनिकांनी आपले व शत्रूचे विमान दुरून ओळखण्यास शिकावे, हा हेतू. १:७२ चे विमान ३५ फुटांवर धरले, की ते सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढे दिसते. आणि माप चुकलेले विमान तपासणीत नाकारले जाई.

आपल्या प्रमाणात हा हिशेब अधिक सोपा आहे. विमान शाळेच्या ओट्यावर खांबाला दोऱ्याने टांगावे आणि मुलांनी टेप धरून मैदानात २० मीटर मागे जावे. तेथून ते १ किलोमीटरवरील मिगएवढे दिसेल. पंखांचा त्रिकोण तेवढ्या अंतरावरून कोणाकोणास ओळखू येतो, नाकापुढची दांडी कोणास दिसते, हे ज्याने त्याने आपल्या मापवहीत लिहावे. आणि मग चाळीस मीटरांवर जाऊन पुन्हा पाहावे.